बँकेच्या ई-लिलावात फ्लॅट घेताय? बोली लावण्याबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी आतापर्यंत चार ई-लिलावांत बोली लावलीय, तीन हरलो आणि एक जिंकलो. म्हणजे मी काही तज्ज्ञ नाही, वकील तर अजिबातच नाही, पण ऑफिसात आणि नातेवाइकांत कुणाला "लिलावात स्वस्तात फ्लॅट" अशी जाहिरात दिसली की फोन मलाच येतो आणि प्रश्न तेच तेच असतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. हे सगळं थकीत कर्जापोटी बँक जे फ्लॅट विकते त्याबद्दल आहे.

हा लिलाव नेमका कसला असतो?

कर्जदाराने हप्ते थकवले की बँक 2002 च्या सरफेसी कायद्याखाली गहाण मालमत्ता कोर्टात न जाता विकू शकते. पेपरात ती बारीक अक्षरातली नोटीस येते ना, "जसे आहे जेथे आहे" वाली (म्हणजे जागा आहे त्या अवस्थेत घ्यायची), तीच. त्यात राखीव किंमत म्हणजे रिझर्व्ह प्राइस, अनामत म्हणजे ईएमडी (बहुतेक वेळा राखीव किमतीच्या 10%), बोली किती किती रुपयांनी वाढवायची ती पायरी, जागा पाहायची तारीख आणि लिलावाची वेळ दिलेली असते. सरकारी बँकांच्या मालमत्ता जानेवारी 2025 पासून बँकनेट नावाच्या पोर्टलवर येतात, बाकीच्या बँका आणि फायनान्स कंपन्या खाजगी पोर्टल वापरतात. तुम्ही केवायसी करायची, ईएमडी मुदतीत भरायची आणि त्या दिवशी लॉगिन करून बोली लावायची, बस.

नोटीस नीट वाचा हो. मी पहिल्या वेळी लिलावाची तारीख पाहिली आणि ईएमडी भरायची शेवटची तारीख त्याच्या दोन दिवस आधी होती ते पाहिलंच नाही, धावतपळत आरटीजीएस केलं.

जास्तीत जास्त किती बोली लावायची हे कसं ठरवायचं?

उलटीकडून. बहुतेक लोक राखीव किंमत बघतात आणि म्हणतात 38 ला निघालाय, 42 पर्यंत जाऊ. का 42? तर उगाच, बरं वाटतं म्हणून. राखीव किंमत ही बँकेचा आकडा आहे, तिचा तुमच्या खिशाशी काही संबंध नाही.

एक हिशोब करून दाखवतो, आकडे उदाहरणाचे आहेत पण बाब एकेक खरी आहे. डोंबिवलीत एक वन बीएचके, राखीव किंमत 38 लाख, पायरी 25 हजारांची. त्याच बिल्डिंगमध्ये तसाच फ्लॅट साधा सरळ विकत घेतला तर 50 लाखाला मिळतो. त्यावर 7% स्टॅम्प ड्यूटी म्हणजे साडेतीन लाख, 30 हजार रजिस्ट्रेशन, एकूण 53 लाख 80 हजार. हा झाला कटकट नसलेल्या घराचा खर्च. आता लिलावातल्या घराला कटकट आहे, तिचे पैसे मला हवेत, मी बाजारभावाच्या 10% धरतो म्हणजे 5 लाख. उरले 48 लाख 80 हजार. यात सगळं बसलं पाहिजे.

आता यातून वजा करत जायचं. सोसायटीची थकबाकी 1 लाख 85 हजार. लाइट बिल 22 हजार. दुरुस्ती अडीच लाख, कारण दोन वर्षं बंद घर म्हणजे गळती, वाळवी आणि चोरीला गेलेले नळ हे आलंच. वकील आणि टायटल सर्च 25 हजार. रजिस्ट्रेशन 30 हजार. आणि जे लोक विसरतात ते म्हणजे ताबा मिळेपर्यंत तुम्ही राहता त्या घराचं भाडं, 14 हजाराने आठ महिने धरले तर 1 लाख 12 हजार. बेरीज 6 लाख 24 हजार. उरले 42 लाख 56 हजार, त्यात बोली आणि बोलीवरची 7% ड्यूटी दोन्ही बसवायचे म्हणून 1.07 ने भागायचं, आले 39 लाख 77 हजार.

म्हणजे काय, राखीव किमतीच्या वर फक्त सात पायऱ्या. 38,25,000 पासून 39,75,000 पर्यंत. आठवी पायरी चढलात की स्वस्त फ्लॅट संपला. हा हिशोब बघून बऱ्याच जणांचा उत्साह मावळतो, मावळला तर मावळू दे, घरच्या टेबलावर मावळलेला फुकटात पडतो.

बाजारभाव कुठून काढायचा? घरविक्रीच्या साइटवर तर 58 लाख दाखवतात.

साइटवर दाखवतात ती मागणी, विक्री नाही. झालेले व्यवहार नोंदणी विभागाच्या वेबसाइटवर ई-सर्चमध्ये फुकट बघता येतात, इंडेक्स टू मध्ये, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराच्या गोषवाऱ्यात, खरी किंमत लिहिलेली असते. त्याच बिल्डिंगचे किंवा बाजूच्या बिल्डिंगचे गेल्या वर्षभरातले तीन-चार व्यवहार काढा आणि त्यातला मधला धरा. सगळ्यात मोठा धरायचा मोह होतो, मला झाला होता.

शेवटच्या दहा सेकंदात बोली टाकली तर जिंकू का?

नाही. हा प्रश्न ईबे या ऑनलाइन लिलावाच्या साइटच्या गोष्टी वाचलेले लोक विचारतात. ईबेवर वेळ संपली की संपली, म्हणून तिथे शेवटच्या क्षणी बोली मारायची पद्धत पडली, तिला स्नायपिंग म्हणतात. त्याच काळात ॲमेझॉनचेही लिलाव चालायचे पण तिथे शेवटी बोली आली की वेळ दहा मिनिटांनी पुढे जायची, आणि ॲल्विन रॉथ आणि ॲक्सेल ऑकेनफेल्स या दोन अर्थतज्ज्ञांनी 2002 साली दोन्ही ताडून दाखवलं की शेवटच्या मिनिटाची झुंबड ईबेवर जास्त होते. नियमच तसा म्हणून माणसं तशी वागतात.

आपले बँकांचे लिलाव ॲमेझॉनच्या जातीचे आहेत. शेवटच्या पाच मिनिटांत (काही ठिकाणी दहा) कुणी बोली लावली की तेवढाच वेळ वाढतो, पुन्हा बोली आली की पुन्हा वाढतो, नोटिशीत "अमर्यादित मुदतवाढ" असं लिहिलेलं असतं. माझा एक लिलाव 11 ते 12 चा होता तो पावणेदोनला संपला. मी हाफ डे टाकला होता, जेवण तसंच राहिलं. त्यामुळे शेवटच्या सेकंदाला बटण दाबून समोरच्याला गाफील पकडू हे विसरा, त्याला पाच मिनिटं मिळणारच आहेत, आणि नेट अडकलं तर नुकसान तुमचंच.

मग सुरुवातीपासून बोली लावायची की गप्प बसायचं?

मी शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांपर्यंत गप्प बसतो. लवकर लावलेल्या प्रत्येक बोलीने समोरच्याला कळतं की गिऱ्हाईक आहे, मग त्याला पण जोर चढतो. पण इतकंही थांबू नका की पहिली बोलीच राहून जाईल. काही ठिकाणी लिलावाआधी एक बंद बोली टाकावी लागते, तिथे कमीत कमी चालेल तेवढीच टाका, कारण सगळ्यात मोठ्या बंद बोलीपासूनच पुढचा लिलाव सुरू होतो, तुम्हीच किंमत चढवून ठेवायची कशाला.

काही पोर्टलवर ऑटो बिड असतं, म्हणजे तुमचा वरचा आकडा भरून ठेवायचा आणि सिस्टिम गरजेपुरती एकेक पायरी लावत राहते. ज्याचा हात थांबत नाही त्याने हेच वापरावं. आकडा भरा, लॅपटॉप बंद करा, चहा प्या.

गोल आकड्याचं काय ते सांगा.

ही एकच खरी युक्ती म्हणता येईल अशी गोष्ट आहे. माणसाचं बजेट नेहमी गोल असतं. "40 पर्यंत जाऊ." 39,90 पर्यंत जाऊ असं कुणी बायकोला सांगत नाही. त्यामुळे 40 लाखावर बरेच जण एकदम गळतात. तुमचा हिशोब 40 च्या आसपास येत असेल तर आकडा 40,25,000 असा गोलाच्या एक पायरी वर ठेवता येतो का बघा, आणि येत नसेल तर 39,75,000 ला थांबा. बरोब्बर 40 ला थांबणं सगळ्यात वाईट.

याचाच दुसरा भाग पायऱ्यांचा. दोघंच उरले की एक पायरी तुमची, एक त्याची, असं चालतं. समजा तुमची शेवटची परवडणारी पायरी 39,75,000 आहे आणि एकाआड एक मोजत गेलं तर ती समोरच्याच्या वाट्याला जातेय, तर मध्येच कुठेतरी एकाऐवजी दोन पायऱ्या वर बोली लावायची, म्हणजे क्रम बदलतो. बहुतेक ठिकाणी पायरीच्या पटीत कितीही बोली चालते. हे मला तिसऱ्या लिलावात समजलं, वहीवर चौकोन काढून मोजत बसलो होतो, लहानपणी चिंचोके मोजायचो तसं.

पण मोठी उडी मारून समोरच्याला घाबरवायच्या फंदात पडू नका. दोन पायऱ्या ठीक, दहा पायऱ्या म्हणजे अडीच लाख, आणि तो घाबरला नाही तर गेले तुमचेच. आणि शून्य मोजा! लागलेली बोली मागे घेता येत नाही. पोर्टल रक्कम अक्षरात दाखवतं ती मोठ्याने वाचा, लाज वाटत असेल तर दार लावून वाचा.

मी एकटाच बोली लावणारा असलो तर?

तर एकच पायरी वर लावायची आणि हात मांडीखाली घालून बसायचं. राखीव किमतीलाच मिळावं असं वाटतं, पण नियमातच राखीव किमतीपेक्षा जास्त भाव यावा असं अपेक्षित आहे म्हणून बहुतेक नोटिशीत राखीव किंमत अधिक एक पायरी लागते. त्यानंतर काहीच करायचं नाही. काही पोर्टलवर स्वतःच्याच बोलीवर बोली लावता येते, आणि माझ्या मेव्हण्याने ते केलंय, घड्याळ पळतंय बघून घाबरला आणि दोनदा स्वतःलाच हरवलं. 50 हजार. अजून लग्नकार्यात त्याला त्यावरून चिडवतात.

पहिल्याच लिलावात घ्यावं की किंमत उतरायची वाट बघावी?

पहिल्या विक्रीला 30 दिवसांची नोटीस लागते, ती फसली तर पुढच्यासाठी 15 दिवसांची पुरते, आणि गिऱ्हाईक आलं नाही की बँक बरेचदा राखीव किंमत खाली आणते. त्यामुळे तुमचा कागदावरचा आकडा राखीव किमतीच्या खाली असेल तर बोली लावायची नाही, नोटिसा बघत राहायचं. मी जिंकलेला फ्लॅट तिसऱ्या खेपेला मिळाला. आकडा वर असेल तर मात्र थांबू नका, अजून दोन लाख उतरतील म्हणून थांबलेलं घर दुसऱ्याने उचललेलं मी पाहिलंय (हरलेल्या तिनांपैकी एक तेच).

आणि तीन-चार वेळा लिलाव फसलाय म्हणजे स्वस्त झालंय असं समजण्याआधी जरा विचारा, बाकीच्यांना असं काय माहीत आहे जे आपल्याला नाही?

खूप लोक बोली लावतायत म्हणजे जागा चांगलीच असणार ना?

इथे उलटं डोकं चालवावं लागतं. 1971 साली ॲटलांटिक रिचफील्ड या अमेरिकन तेल कंपनीच्या तीन इंजिनिअरांनी मेक्सिकोच्या आखातातल्या तेलपट्ट्यांच्या लिलावांवर लिहिलं होतं. समुद्राखाली तेल किती ते कुणालाच नक्की माहीत नाही, प्रत्येक कंपनी अंदाज बांधते, आणि लिलाव तीच जिंकते जिचा अंदाज सगळ्यात जास्त, म्हणजे बहुधा चुकलेला. याला विजेत्याचा शाप म्हणतात. बंद फ्लॅटचं तसंच आहे, आतलं कुणालाच दिसलेलं नाही. दहा जणांनी दुरुस्तीचा अंदाज केला तर ज्याने सगळ्यात कमी धरला तो जिंकणार आणि मग प्लंबर आल्यावर कळणार. म्हणून गर्दी जास्त असेल तर आकडा वाढवायचा नाही, घरी परत एकदा तपासायचा.

जागा पाहायला गेल्यावर काय बघायचं?

दार उघडून दाखवतील तर उत्तम, पण बरेचदा बाहेरूनच बघावं लागतं. मी जिंकलेल्या फ्लॅटच्या दारावर बँकेची नोटीस चिकटवलेली होती, अर्धी फाडलेली, कडीला लाखेचं सील, आणि खाली लेटरबॉक्स इतका ठासून भरलेला की कुरिअरची पाकिटं जमिनीवर. त्यात महावितरणचं बिल वरच होतं, ग्राहक क्रमांक दिसला तो टिपला आणि घरी येऊन ऑनलाइन थकबाकी पाहिली. हे फार महत्त्वाचं आहे कारण 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की "जसे आहे जेथे आहे" तत्त्वावर घेतलेल्या जागेला नवी जोडणी देण्याआधी वीज कंपनी जुनी थकबाकी लिलावातल्या खरेदीदाराकडे मागू शकते, तिच्या नियमात तशी तरतूद असली तर.

मग सोसायटीच्या सेक्रेटरीकडे जा, थकबाकीचा आकडा लेखी मागा. देत नसतील तर वॉचमनशी दहा मिनिटं बोला. मला वॉचमननेच सांगितलं की वरच्या मजल्याच्या बाथरूमचं पाणी ह्या फ्लॅटमध्ये उतरतं आणि दोन वर्षं भांडण चालू आहे. ते कुठल्या नोटिशीत असणार?

अजून एक, दोन फ्लॅट फोडून एक केलेला नाही ना हे बघा. कागदावर 302 गहाण आणि आत 302-303 एक झालेलं, मग तुमच्या वाट्याला हॉल येतो आणि किचन शेजारच्याकडे राहतं. हसू नका, असतं असं.

ताबा सांकेतिक आहे असं लिहिलंय, चालेल का?

सांकेतिक ताबा म्हणजे आत अजून माणसं राहतायत, बँकेने फक्त दारावर कागद लावलाय. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँकेला जिल्हाधिकारी किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो, कायद्यात 30 दिवस आणि फार तर 60 दिवस लिहिलेत पण तुम्ही कॅलेंडर मोठं धरा. पहिल्यांदा घेताय आणि राहायलाच घेताय तर प्रत्यक्ष ताबा असलेलीच जागा बघा. सांकेतिक असेल तर वरच्या हिशोबातले आठ महिने अठरा करा आणि मग किती पायऱ्या उरतात ते पाहा. बहुतेक वेळा एकही उरत नाही.

जिंकलो तर पैसे कधी भरायचे?

त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी 25%, त्यात ईएमडी धरलेली असते. बाकीचे 75% विक्री कायम झाल्यापासून 15 दिवसांत. बँकेने लेखी मान्य केलं तर मुदत वाढते पण एकूण तीन महिन्यांच्या पुढे नाही. होम लोन घेणार असाल तर बोली लावायच्या आधी बँकेकडून तत्त्वतः मंजुरी घेऊन ठेवा, लिलावातल्या जागेवर कर्ज द्यायला सगळ्याच बँका तयार नसतात. पैसे भरता आले नाहीत तर भरलेली रक्कम जप्त, आणि 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पूर्ण 25% जप्त करणंसुद्धा ग्राह्य धरलंय. आपल्या उदाहरणात ते जवळपास 10 लाख होतात. किंमत 50 लाख किंवा वर असेल तर 1% टीडीएस तुम्ही कापून भरायचा असतो, तो किमतीतूनच जातो, वरून नाही.

आणि मध्येच जुन्या मालकाने कर्ज फेडलं तर?

सरफेसी कायद्यातल्या 2016 च्या दुरुस्तीनंतर लिलावाची नोटीस प्रसिद्ध झाली की त्याचा सोडवून घ्यायचा हक्क संपतो, सर्वोच्च न्यायालयाच्या 2023 च्या सेलिर विरुद्ध बाफना मोटर्स निकालात हे स्पष्ट झालंय. पण तो डीआरटीत, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात, जाऊन स्थगिती मागू शकतो आणि मग तुमचे पैसे अडकून राहतात. म्हणून घरातलं सगळं सोनं मोडून बोली लावू नका, आणि वकिलाला केस चालू आहे का ते आधी बघायला सांगा.

एजंट म्हणतो मी जिंकून देतो.

कसा देणार? बोली तुमच्याच लॉगिनने लागते. कागदपत्रं काढायला, जागा दाखवायला पैसे घेतो तर घेऊ दे. पण ईएमडी माझ्या खात्यात टाका म्हणाला की फोन ठेवा. ईएमडी नोटिशीत लिहिलेल्या खात्यात किंवा पोर्टलच्या वॉलेटमध्येच जाते.

लिलावाच्या दिवशी काय तयारी?

लॅपटॉप चार्ज, मोबाइलचा हॉटस्पॉट तयार, पासवर्ड आदल्या दिवशी लॉगिन करून तपासलेला. वरचा आकडा कागदावर लिहून स्क्रीनला चिकटवलेला, मी गॅसच्या पावतीच्या मागे लिहितो. आणि खोलीत दुसरं कुणी नको. पहिल्या लिलावात आई मागे उभी होती, मी आकड्यावर थांबलो तर म्हणाली, "अरे पंचवीसच हजार ना, एवढ्यासाठी घर सोडतोस?" तेच वाक्य तिने चार वेळा म्हटलं आणि मी चारही वेळा ऐकलं. नशीब समोरच्याची आई जास्त आग्रही होती.

हरलो तर ईएमडी परत मिळते का?

पूर्ण मिळते, व्याज मिळत नाही. बहुतेक वेळा दोन-चार कामकाजाच्या दिवसांत येते. रजिस्ट्रेशन करताना खाते क्रमांक आणि आयएफएससी दोनदा तपासा, माझा एक आकडा चुकला होता आणि 3 लाख 80 हजार एकोणीस दिवस कुठे फिरत होते कुणास ठाऊक, तेवढ्यात पुढच्या लिलावाची ईएमडीची तारीख निघून गेली.